ड्रमस्टिक फिरवू द्या की पोरांना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र होतं. आजकालची ड्रम शिकणारी पोरं वाजवतात कमी आणि काठ्याच जास्त फिरवतात, ही सर्कस आहे, क्लासवाल्यांनी हे चाळे सरळ बंद करावेत, असा एकूण सूर. बायकोने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मी जमिनीवर आडवा होऊन, पलंगाखाली खांद्यापर्यंत हात घालून, प्रॅक्टिस करताना उडालेली स्टिक शोधत होतो, त्यामुळे पत्र जरा जास्तच लागलं. उत्तर पाठवायला आठवडा गेला कारण पहिल्यांदा लिहिलेलं फारच तिखट झालं होतं.

माझं वय 47. ड्रम्स शिकायला लागलो तेव्हा 43 होतं. वादक वगैरे अजिबात नाहीये मी, बॅचमधली बाकी सगळी पोरं 12 ते 16 वयाची, मला काका म्हणतात आणि मी चुकलो की तोंड फिरवून हसतात, एवढीच माझी पात्रता. पण गेली दोन वर्षं स्टिक फिरवणं हा एकच प्रकार मी येड्यासारखा करतोय, रोज दहा-पंधरा मिनिटं, त्यामुळे निदान त्यात काय काय चुकतं ते तरी छातीठोकपणे सांगू शकतो.

त्या गृहस्थांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे हे आधीच कबूल करून टाकतो. पोरगं मस्त वाजवत असतं, मग मध्येच त्याला स्टिक फिरवायची आठवण होते, डोळे हातावर जातात, जीभ दातांत येते, हायहॅटचे, म्हणजे स्टँडवरच्या झांजांच्या जोडीचे, दोन ठोके गायब, किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, लांबते, बेस गिटारवाला मान वळवून बघतो की हा गेला कुठे, आणि स्टिक एकदाची जागेवर आली की साहेब पुन्हा भरधाव, आता आधीपेक्षा फास्ट. हे बघवत नाही, मान्य. पण हे होतं का तर स्टिक गाण्यात नेमकी कुठे फिरवायची हे त्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं. क्लासमध्ये फिरवली की ओरडा बसतो, मग ते रील बघून शिकतं, आणि रीलमध्ये फक्त बोटं दिसतात, मोजणी दिसत नाही.

मला स्वतःला ही गोष्ट कळायला सहा-सात महिने लागले म्हणून जरा सविस्तर सांगतो. रॉकचा एकदम साधा ठेका घ्या. 1, 2, 3, 4 असं मोजायचं. पायाने किक 1 आणि 3 वर, डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या करकरीत आवाजाच्या ड्रमवर, 2 आणि 4 ला, आणि उजवा हात हायहॅटवर प्रत्येक आकड्याला दोन, म्हणजे "एक आणि दोन आणि" असं चालूच. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ठोके देणारं यंत्र, 120 वर लावलं तर मिनिटाला 120 ठोके, म्हणजे एक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाचा. आता बघा, उजव्या हाताला दोन ठोक्यांमध्ये मिळतो पाव सेकंद. पाव सेकंदात माझ्यासारख्याने काय फिरवायचं, नाकावरची माशीही उडवता येत नाही. आणि डावा हात? 2 वाजवला की थेट 4 पर्यंत मोकळा. पूर्ण एक सेकंद! मी हळूहळू, चुकतमाकत एक फेरी घेतो तरी अर्ध्या सेकंदाच्या थोड्या वर जाते. म्हणजे फेरी मारून, स्टिक नीट पकडून, हात वर नेऊन पुढच्या ठोक्याची तयारी करायलाही वेळ उरतो. गाणं जरा पळवलं, 160 वर नेलं, तरी डाव्याला पाऊण सेकंद आहेच.

पण पोरं फिरवतात कुठल्या हाताने? उजव्या. कारण तो चांगला चालतो ना. सगळी गोम इथे आहे. जागा आहे कमजोर हाताकडे आणि कला आहे जोरदार हाताकडे, मग हायहॅट खाल्ला जातो आणि बघणारा म्हणतो बघा बघा चाळे करायला गेला नि ताल सोडला. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं. उजव्या हाताने फिरवायचंच असेल तर हायहॅटचे ठोके निम्मे करावे लागतात, किंवा क्रॅश वाजवल्यावर ती झांज घुमत असते तेवढ्यात उरकावं लागतं, तिथे कानाला कमी पडल्यासारखं वाटत नाही कारण क्रॅशच्या आवाजाने जागा भरलेली असते.

हवेत उडवण्याचं तर गणित अजून मजेशीर आहे, आणि मला गणितात कायम काठावर मार्क पडले आहेत तरी हे पाठ झालंय. हातातून सुटलेली स्टिक साधारण 30 सेंटिमीटर वर जाऊन त्याच उंचीवर परत हातात यायला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे 120 च्या गाण्यात बरोबर एक ठोका. दोन ठोके हवेत ठेवायची असेल तर आपण म्हणू 60 सेंटिमीटर उडवू, तर नाही, दुप्पट वेळासाठी चौपट उंची लागते, 1 मीटर 20! बसल्या जागेवरून एवढी उडवली की आमच्या खोलीत ती ट्यूबलाइटला भेटून येते, हे मी अनुभवाने सांगतोय. आणि गाणं संथ असेल, 80 वगैरे, तर एक ठोकाच पाऊण सेकंदाचा, तिथे स्टिक 70 सेंटिमीटरच्या आसपास जायला हवी, नाहीतर ती लवकर खाली येते आणि तुम्ही हातात घेऊन बावळटासारखे ठोक्याची वाट बघत बसता. गुरुत्वाकर्षण काही गाण्याप्रमाणे बदलत नाही, म्हणून उंची बदलावी लागते. स्टेजवर तीन वेगवेगळ्या स्पीडच्या गाण्यांत स्टिक उडवून दर वेळी ठोक्यावर झेलणारा माणूस दिसला तर समजा की त्याच्या डोक्यात घड्याळ आहे. याला सर्कस म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण सर्कशीतल्या झोपाळेवाल्यालाही मोजूनच सोडावं लागतं.

बाय द वे, हे सगळं रीलमुळे आलेलं फॅड आहे असं त्या पत्रात होतं ते तर साफ चूक. जीन क्रुपा हा ड्रमर 1930 च्या दशकात अमेरिकेत बेनी गुडमनच्या जाझ बँडमध्ये वाजवायचा, मागे बसणाऱ्या ड्रमरला लोक स्टार म्हणून बघायला लागले त्यात त्याचा मोठा वाटा, आणि तो नुसता वाजवायचा नाही तर घाम, केस, चेहरा, स्टिक सगळ्यांनी वाजवायचा. त्याच गुडमनबरोबर 1936 पासून असलेला लायोनेल हॅम्प्टन व्हायब्राफोनसाठी (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) प्रसिद्ध, पण ड्रम्सवर बसला की स्टिक फिरवणं, उडवणं, झेलणं सगळं करायचा. काउंट बेसीच्या जाझ ऑर्केस्ट्रात 1950 च्या दशकात आलेला सॉनी पेन तर स्टिक उडवण्यासाठीच लोकांच्या लक्षात राहिला, आणि बेसीच्या बँडला ताल सोडलेला चालला असता असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी तो बँड ऐकावा. बडी रिचसारखा माणूस, ज्याच्या हातांचं नाव घेताना ड्रमर लोक आजही कान पकडतात, तो अगदी लहान असताना व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या खेळांच्या, स्टेजवर वाढलेला. हे सगळे तमासगीर होते आणि वादकही होते, दोन्ही एकाच वेळी. पुढे 1980 च्या दशकात मोट्ली क्रू बँडच्या टॉमी लीने वगैरे रॉकमध्ये फिरवाफिरवी घराघरात नेली, तेव्हाही रील नव्हती.

आणि मिलिटरी धाटणीच्या बँडमध्ये बघा ना. स्कॉटिश पाइप बँडमध्ये टेनर ड्रमवाले मऊ गोळ्याच्या काठ्या दोरीने हाताला बांधून गरागरा फिरवतात, त्याला त्यांच्यात फ्लरिशिंग म्हणतात आणि ते रीतसर शिकवलं जातं, कुणी त्याला चाळे म्हणत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा टॉप सिक्रेट ड्रम कोअर हा ड्रमवाल्यांचा संघ, 1991 साली सुरू झालेला, त्यांनी 2003 मध्ये एडिंबराच्या मिलिटरी टॅटूमध्ये, म्हणजे लष्करी बँडच्या मोठ्या सोहळ्यात, वाजवलं. त्या लोकांचे व्हिडिओ त्या गृहस्थांनी एकदा शांतपणे बघावेत. एकमेकांकडे स्टिक फेकतात, झेलतात, तलवारबाजी केल्यासारख्या आपटतात, आणि एक ठोका इकडचा तिकडे होत नाही. मी पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी प्रॅक्टिस केली नाही, काय उपयोग असं झालं.

आता प्रत्यक्ष शिकण्याबद्दल, कारण रीलवाले इथेच घाई करतात. पहिली गोष्ट, स्टिक तर्जनीवर आडवी ठेवून तिचा तोल कुठे सावरतो ते बघायचं आणि तिथे पेन्सिलने खूण करायची. ती खूण मधोमध येत नाही, थोडी जाड बाजूकडे येते, कारण स्टिक टोकाकडे निमुळती असते. आता आपण वाजवताना कुठे धरतो तर मागून साधारण एक तृतीयांशावर. म्हणजे वाजवायची पकड वेगळी आणि तोलाची जागा वेगळी! वाजवायच्या पकडीतच फिरवायला गेलं की पुढची बाजू जड पडते, स्टिक लंगडत फिरते आणि सुटते. त्यामुळे फिरवायच्या आधी हात गुपचूप दोन-तीन बोटं पुढे सरकवायचा आणि फिरवून झाली की पुन्हा मागे. हे सरकवणं कोणी दाखवत नाही आणि माझे चार महिने याच्यात गेले.

मग तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत स्टिक घ्यायची, अंगठा सोडायचा आणि मनगट वळवायचं, दाराची गोल मूठ फिरवतो ना तसं. टोक खाली जातं, मागचा जाड भाग वर येऊन हाताच्या पाठीवरून पलीकडे उतरतो, आणि तिथे अंगठ्याने परत उचलून घ्यायची. लिहायला तीन ओळी, करायला तीन महिने. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोटं आवळणं. पडेल या भीतीने ती दोन बोटं चिमट्यासारखी आवळली की स्टिक फिरतच नाही, आणि म्हणून ती पडते. मला वाजवतानाही स्टिक घट्ट धरायची खोड होती, अंगठ्याच्या मुळाशी फोड यायचे, सर रोज सांगायचे काका सोडा सोडा, ते ऐकून काही सुटलं नाही, फिरवायला लागल्यावर आपोआप सुटलं कारण आवळून फिरतच नाही ना. याचा अर्थ फिरवल्याने वादन सुधारतं असं मी म्हणत नाहीये, तसं काही लोक छातीवर हात ठेवून सांगतात ते मला पटत नाही. पॅराडिडल (उजव्या-डाव्या हाताच्या ठोक्यांचा एक ठरलेला पाठ) पॅराडिडल करूनच येतो. हात सैल झाला, माझ्यापुरतं एवढंच.

सुरुवात पलंगासमोर उभं राहून करायची, म्हणजे पडली तर गादीवर पडते. नाहीतर फरशीवर हिकरीच्या लाकडाची स्टिक पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर कसा जातो ते आमच्या खालच्या काकूंना विचारा, त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं आमच्याकडे रोज रात्री कोणीतरी कॅरम उधळतंय. स्टिक कुठली यावर पोरं तासन्‌तास भांडतात, पण नेहमीची 5ए (हे स्टिकच्या जाडीचे नंबर) पुरे, 16 इंच लांब, पन्नास ग्रॅमच्या आसपास. 7ए बारीक आणि हलकी, भुर्रकन फिरते आणि भुर्रकन जाते. मला स्वतःला थोडी जाड 5बी सोपी गेली, सावकाश फिरते म्हणून. मेपलची हलकी असते, ओकची जड. घामासाठी ग्रिप टेप गुंडाळतात ती मात्र फिरवणाऱ्यांनी गुंडाळू नये, बोटांच्या फटीत स्टिक घसरायला हवी आणि टेप तिला धरून ठेवते. आणि हवेत उडवायची असेल तर आजूबाजूला लहान मूल नको, समोरच्याच्या चष्म्याचा आणि डोळ्याचा विचार हवा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. चिरफाळलेली स्टिक तर अजिबात उडवू नये, कुसळं हातात घुसतात.

आता माझी फजिती पण सांगतो, नाहीतर म्हणाल काका फार शहाणे. क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, माझ्या वाट्याला एक सोपं गाणं. सरांनी बजावलं होतं की काका, फिरवायची नाही. मी हो म्हटलं. पहिलं कडवं छान गेलं आणि मला समोर तिसऱ्या रांगेत मुलगी मोबाइल धरून शूट करताना दिसली, संपलं. डाव्या हाताने 2 नंतर फिरवली, एकदा जमली, टाळ्या आल्या, दुसऱ्यांदा जमली, तिसऱ्यांदा बोटं घामेजली होती. स्टिक सुटली, स्नेअरच्या कडेवर आपटली आणि घरंगळत जाऊन थेट किकच्या पेडलखाली बसली. पेडल खाली जाईना! म्हणजे डाव्या हातात स्टिक नाही आणि उजव्या पायाखाली ड्रम नाही. एका हाताने हायहॅट आणि स्नेअर दोन्ही वाजवत मी पायाने ती स्टिक ढकलायचा प्रयत्न करतोय, जास्तीच्या स्टिक्स बॅगेत, बॅगेची चेन बंद, बॅग पाठीमागे खुर्चीवर. गिटार वाजवणाऱ्या पोराने, वय वर्षे 14, न थांबता दोन पावलं मागे येऊन बुटाने ती स्टिक बाहेर काढली. गाणं थांबलं नाही एवढंच.

नंतर सर रागावले आणि तो राग बरोबर होता. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी काय केलं तर वर्गात सगळ्यांनाच फिरवायला बंदी घातली, जो फिरवेल त्याने बाहेर बसायचं. माझी तक्रार एवढ्याचीच आहे. कारण त्या फजितीतून शिकवण्यासारखं केवढं होतं! स्टिकची बॅग उघडी करून फ्लोअर टॉमला, म्हणजे बाजूच्या पायांवर उभ्या ड्रमला, लटकवायची म्हणजे न बघता हाताने दुसरी स्टिक निघते, हे कोणी सांगितलं नव्हतं. पडलेली स्टिक उचलायची नाही, तिच्याकडे बघायचंही नाही, दुसरी काढून वाजवत राहायचं, हेही नाही. एक हात रिकामा झाला तर उरलेल्या हाताने ठेका कसा चालू ठेवायचा याची तर मुद्दाम प्रॅक्टिस करता येते, मी आता करतो, मेट्रोनोम लावून मध्येच एक स्टिक सोडून देतो. फेरी अर्धीच झाली आणि हातात टोकाची बाजू आली तर घाबरायचं नाही, उलट्या बाजूने वाजवायचं, जाड बाजूचा आवाज मोठाच येतो, कितीतरी रॉक ड्रमर मुद्दाम तसं वाजवतात. हे सगळं वाजवण्यातच येतं की.

आणि एक गोष्ट वाजवणाऱ्यांना दिसत नाही, बघणाऱ्यांना दिसते. ड्रमर बसतो सगळ्यांच्या मागे, पुढे टॉम, वर झांजा, मागच्या रांगेतल्या माणसाला त्याचं डोकं आणि कधीमधी कोपर एवढंच दिसतं. गायक हातवारे करतो, गिटारवाला नाचतो, त्यांना कोणी चाळे म्हणत नाही. या बिचाऱ्याची डोक्यावर गेलेली स्टिक ही एकच गोष्ट शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

त्यामुळे क्लासवाल्यांना माझी विनंती अशी आहे की बंदी घालू नका, शेवटची दहा मिनिटं द्या. आधी ठेका पक्का झालेल्यांनाच, हे मान्य, ज्याची किक अजून 3 वर पडत नाही त्याने स्टिक फिरवू नये. पण ज्याचा ठेका बसलाय त्याला डाव्या हाताने, मेट्रोनोमवर, 2 आणि 4 च्या मध्ये, मोजून फिरवायला लावा. तोंडाने आकडे म्हणत. आकडा चुकला तर फेरी मोजायची नाही, हातात आली असली तरी. आमच्या बॅचमधली दोन पोरं माझ्याकडे येऊन असं करतात, सरांना माहीत नाही, आता हे पत्र छापलंत तर कळेल.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी एकदा दोन पेन्सिली घेऊन टेबलावर हा 1-2-3-4 चा ठेका वाजवून बघावा आणि डाव्या हातातली पेन्सिल 2 नंतर नुसती उडवून 4 ला झेलून बघावी, मग पुढचं पत्र लिहावं, मी वाचीन.

माझं सध्या असं चाललंय की मेट्रोनोम 90 वर, डाव्या हाताने, सलग 11 फेऱ्या आकड्यावर झाल्या काल रात्री. बारावी पलंगाखाली गेली. बायकोने आता झाडू कायमचा तिथेच ठेवून दिलाय.

आपला,
एक नियमित वाचक